अमावास्येला बोलणारा कंप्यूटर

कोहका वस्तीतल्या त्या गल्लीत अमावास्येच्या संध्याकाळी चपला काढायला जागा उरत नसे. भागीरथाबाईंच्या पुढच्या खोलीत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असत. खिडकीच्या गजांना पोरं लटकत, आणि सगळ्यांची नजर टेबलावरच्या एका जुन्या कंप्यूटरवर खिळलेली असे. कंप्यूटरच्या डब्याला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार, समोर नारळ.

बळीराम महाराजांनी डोळे मिटून हात वर केला. भागीरथाबाईंनी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, पडदा उजळला आणि डब्यातून आवाज आला, "मी आलो बरं का!"

"आले! देवीदासभाऊ आले!" शेजारच्या मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आवाज भागीरथाबाईंच्या नवऱ्याचा, देवीदासचाच होता. कारखान्यातून सुटून दाराशी सायकल लावताना तो रोज हेच ओरडायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. पडद्यावर त्याचा हसरा चेहरा होता, मागे गच्चीवरच्या शेवंतीच्या कुंड्या. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९.

"तारीख पाहा, तारीख!" महाराज गरजले. "वरच्या लोकात आपलं कॅलेंडर नाही चालत. आत्मा जुन्या काळात अटकला आहे. हा पंखा म्हणजे त्याचा श्वास, हा मिचमिचता दिवा म्हणजे नाडी. सायन्सवाल्यांनी लावावा ना आता पत्ता!"

सायन्सवाली दाराशीच उभी होती. दामिनी, देवीदासची थोरली. नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण बापाचा आवाज ऐकला की तीही बाहेर सायकल दिसते का ते पाहायची, आणि त्याचाच तिला राग यायचा.

त्या कंप्यूटरमध्ये दोन संसार होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. देवीदासच्या जुन्या हार्डडिस्कवर लिनक्स होतं. धाकट्या प्रवीणनं नंतर दुसरी डिस्क बसवून त्यावर विंडोज टाकलं, आणि सुरू केल्यावर आपलंच विंडोज उघडावं अशी सेटिंग करून ठेवली. लिनक्स चालू होताना स्वतःच्या आवाजात हाक देण्याची करामत देवीदासची. असल्या खटपटींचा त्याला नाद होता.

प्रश्न एवढाच होता, की महिनाभर निमूटपणे विंडोज उघडणारा कंप्यूटर अमावास्येलाच देवीदासकडे का वळतो?

"दीदी, सेटिंग मी खुद लावतो," प्रवीण म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी लागते. मग बदलते कोण? बता ना."

प्रवीणकडे डिप्लोमा होता. बिघडलेली सेटिंग परत कशी लावायची ते त्याला येत होतं. ती बिघडते का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती जबाबदारी त्यानं महाराजांवर सोडली होती.

महाराजांनी ती आनंदानं घेतली. त्यांचा पहिला आदेश, इतर दिवशी देवीदासची बाजू उघडायची नाही, आत्म्याला त्रास होतो. त्या संध्याकाळचा दुसरा आदेश, येत्या सर्वपित्री अमावास्येला वाजतगाजत मिरवणूक काढून कंप्यूटर शिवनाथ नदीत सोडायचा, म्हणजे आत्मा मोकळा होईल. पुरावा एकदा नदीच्या तळाशी गेला की चमत्काराला मरण नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असावं.

"आई, त्यात बाबांचे सगळे फोटो आहेत," गर्दी पांगल्यावर दामिनी म्हणाली. "माझ्या शाळेतले, तुझ्या गोंदियाच्या माहेरचे. दुसरीकडं कुठंच नाहीत. तो आवाजही कुठंच नाही."

"मले का समजत नाही वं?" भागीरथाबाईंचा आवाज चिरकला. "पण आत्मा तडफडून राहिला म्हणतेत महाराज. मी फोटोपाई त्याले अडकून ठेवू का?"

 दामिनीकडे फक्त एक सवय होती. क्लासमधल्या पोरांना ती रोज सांगायची, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला.

दोन दिवसांनी आई सत्संगाला गेली तशी ती कामाला लागली. प्रवीणनं सेटिंग नुकतीच नीट केली होती. दामिनीनं हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ ठेवला. उघडलं विंडोज. सगळं काढून टाकलं. विंडोजच. मग आई अमावास्येला नेमकं काय काय करते, ते तिनं एकेक आठवलं, आणि हात भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाशी थांबला.

देवीदास कारखान्यात मेंटेनन्सला होता. मशीनला हात लावायच्या आधी मेन बंद, हा त्याचा घरातलाही कायदा. मिक्सर पुसायचा असला तरी भागीरथाबाई आधी बोर्डाचं बटण बंद करत. अमावास्येच्या पूजेआधी कंप्यूटर पुसतानाही तेच. एरवी प्रवीण पडद्यावरूनच कंप्यूटर बंद करायचा, बोर्ड चालूच राहायचा. लाईट गेली तर इन्व्हर्टर होताच. म्हणजे अख्ख्या महिन्यात डब्याची वीज पुरती तुटायची ती एकदाच.

दामिनीनं बोर्ड बंद केला. चहा टाकला, प्यायला, मग बोर्ड चालू करून कंप्यूटरचं बटण दाबलं.

"मी आलो बरं का!"

ती खुर्चीत बसली. क्षणभर हसू आलं, मग रडू. पदरानं डोळे पुसून तिनं कोपऱ्यातली तारीख पाहिली, आणि सगळा उलगडा झाला. सेटिंग तिनं गुपचूप परत लावून ठेवली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मिरवणुकीचं ठरवायला मंडळी जमली. महाराज गादीवर बसले होते.

"महाराज, आज चतुर्दशी," दामिनी म्हणाली. "आज येतील का बाबा?"

"अशक्य! आत्मा तिथी पाळतो, बेटी. तुमच्या क्लासच्या टाईमटेबलसारखं नसतं ते."

"पूजा नाही केली तर?"

"मग तर साक्षात ब्रह्मदेव बोलावो, येणार नाही!"

"प्रवीण, विंडोज उघडतंय ना? बघ आणि बंद कर."

प्रवीणनं पाहिलं, बंद केलं. दामिनीनं बोर्डाचं बटण बंद केलं. पूजा नाही, हार नाही. थोड्या वेळानं तिनं ते चालू केलं आणि कंप्यूटर सुरू केला.

"मी आलो बरं का!"

मैनाबाई नेहमीच्या सवयीनं हात जोडायला गेल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. "अगं बाई! आज तं चतुर्दशी न?"

"तुमची श्रद्धा फार जबर…" महाराजांनी सुरुवात केली.

"श्रद्धा नाही, सेल संपलाय." दामिनीनं मेन बंद केलं, डब्याचं झाकण काढलं आणि आतून नाण्याएवढा चपटा सेल काढून दाखवला. "आधी कोणती डिस्क उघडायची आणि आज तारीख काय, हे बोर्ड बंद असताना या सेलच्या जोरावर लक्षात राहतं. हा मेला. आता वीज तुटली की डबा सगळं विसरतो, तारीख २००९ वर जाते आणि पहिल्या जागेवरची डिस्क उघडते. पहिल्या जागेवर बाबांची आहे."

तिनं नवा सेल बसवला, सेटिंग लावली, बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला आणि कंप्यूटर सुरू केला. विंडोज उघडलं. तारीख आजची.

"हिनं आत्मा पळवून लावला!" महाराज उठले.

"कुठं पळवला? आई, तू बस इथं. चालू झाला की हे बटण दाब."

तिनं कंप्यूटर बंद करून सुरू केला, आईनं बटण दाबलं आणि पडद्यावर दोन्ही डिस्कची नावं आली. भागीरथाबाईंनी खालचं, देवीदासच्या डिस्कचं, निवडलं.

"मी आलो बरं का!"

 महाराज चप्पल शोधत होते.

"म्हंजे हे रोजच ऐकता येत होतं?" भागीरथाबाईंनी विचारलं. "अन् मी अमावस्येची वाट पाहून राहिली होती?"

"रोज, आई. ते बाबा नाहीत. बाबांनी करून ठेवलेलं आहे." दामिनीनं लोकांकडे पाहिलं. "तुम्हाला नवल वाटलं, मलाही वाटलं. पण नवल वाटलं की हात जोडण्याआधी एक गोष्ट बदलून पाहा. अमावास्या बदला, नारळ बदला, बटण बदला. जे खरं आहे ते तपासल्यानं पळून जात नाही."

भागीरथाबाईंनी दाराकडे पाहिलं. महाराज एका पायात चप्पल घालून उभे होते.

"महाराज, शिवनाथेत काही सोडाचंच असन तं तो जुना सेल घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि पडद्याकडे वळल्या. "प्रवीण, ते गोंदियाचे फोटो कुठी हायेत, दाखव मले."