अर्ध्या सेकंदाने पुढे

सांगतो, पण तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या आईनंसुद्धा ठेवला नसता, आणि ती बिचारी माझ्या पुष्कळ गोष्टींवर ठेवायची. रणधीर शिंत्रे गुढीपाडव्यापासून स्वतःच्या हॉलमधल्या खुर्चीतून उठलेला नाही, आणि रोज संध्याकाळी तो आपल्याबरोबर इथं टपरीवर चहा प्यायला येतो.

"ओ आबा," टायरवाला इर्शाद म्हणाला, "रणधीर हा काय समोर बसलाय की! माणसाच्या तोंडावर थापा मारताय व्हय?"

"बसू दे त्याला. ह्याच्याबद्दल मी काही बोलतच नाही. मी खुर्चीतल्याबद्दल बोलतोय."

रणधीर हसला. त्याचा ग्लास आत्ताच आला होता, वाफाळत होता. तेवढा वेळ माझ्या हातात आहे, तेव्हा मध्ये बोलू नका.

तुम्हाला माहीत आहे, रणधीरचं उद्यमनगरात बेअरिंगचं दुकान, आणि जीव सगळा रेसमध्ये. वर्षातून दोन-तीनदा गाडी ट्रेलरवर चढवायची, रात्रभर दक्षिणेकडं जायचं, आणि तिथल्या ट्रॅकवर सरावाला मिळणार वीस मिनिटं. त्यातली निम्मी टायर गरम होण्यात जायची. मागच्या मोसमात तो चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात अंतर होतं अर्ध्या सेकंदाचं. अर्धा सेकंद म्हणजे काय? शिंक यायच्या आधी नाक वाकडं होतं ना, तेवढा वेळ. पण तो अर्धा सेकंद रणधीरनं घरी आणला. जेवताना तो ताटाशेजारी असायचा, झोपताना उशीखाली. बायको वैजयंता बोलली की हा थोड्या वेळानं "काय?" म्हणायचा.

शेवटी त्यानं ठरवलं की घरीच सराव करायचा. सिम्युलेटर घ्यायचा, बसल्या जागी गाडी चालवायचं यंत्र.

पुणे रस्त्यावर एक दुकान होतं. मालकाचं नाव कारेकर. किडकिडीत माणूस, बोलताना पापणी न हलवणारा. त्यानं पहिला नग दाखवला तो टेबलाला आवळून बसवायचा. रणधीरनं दोन वळणं घेतली आणि हात काढला. स्टिअरिंग हाताला ओढ देत नव्हतं. पिठाच्या डब्याचं झाकण फिरवल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्याला तीन पडदे होते आणि बुडाखाली विजेच्या मोटारी. ब्रेक मारला की छाती पुढं जायची, कडेच्या पट्ट्यावर चाक गेलं की दात वाजायचे. पण मागचं चाक सुटायला, म्हणजे घसरायला, लागतं ते आधी बुडाला कळायला हवं, मग डोळ्याला. इथं उलटं होत होतं.

"याहून खरं?" रणधीरनं विचारलं.

"मागं आहे," कारेकर म्हणाला.

ते मागच्या खोलीत गेले. खोली पावलागणिक लांबत होती. रणधीरच्या ते लक्षात आलं, पण दुकानदारासमोर बोलून दाखवणं त्याला बरं वाटेना. बरंच चालल्यावर कापडाखाली झाकलेली एक खुर्ची आली. साधी होती. पडदा नव्हता.

"किती खरं पाहिजे?"

"पूर्ण."

"आणि सराव किती?"

"हवा तितका. वीस मिनिटांचा कंटाळा आलाय मला."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको, मुलगी, आई. त्यांचा काय संबंध?"

"काही नाही," कारेकर म्हणाला. "रस्त्यात कोण आहे ते माहीत असलेलं बरं."

पाडव्याला खुर्ची घरी आली. आता आपल्याकडं गाडी आली की पूजा आलीच. रणधीर म्हणाला, आई, ही गाडी नाही, यंत्र आहे. आई म्हणाली, "स्टिअरिंग आहे?" "आहे." "ब्रेक आहे?" "आहे." "मग?" तिनं हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली, तर चाकंच नाहीत. आई दोन मिनिटं खुर्चीभोवती फिरली आणि जिथं चाकं असती तिथं, फरशीवर चार कोपऱ्यांत, चार लिंबं ठेवली.

"बस आणि जरा पुढं घे," ती म्हणाली.

रणधीर बसला, पट्टा लावला, हसत हसत पायानं ॲक्सिलरेटर दाबला. पुढची दोन लिंबं चपटी झाली. मग मागची दोन. वर काहीच नव्हतं. रस फरशीवर पसरला आणि त्यात टायरची नक्षी उमटली.

"झाली गाडी," आई म्हणाली, आणि प्रसाद वाटायला आत गेली.

पहिल्याच फेरीत हॉल सरळ रस्ता झाला. टीव्ही लांब गेला, इतका की बातम्या देणारी बाई मुंगीएवढी दिसायला लागली. स्वयंपाकघराशी उजवं वळण, बोळातून चढ, आईच्या खोलीपाशी ते अवघड डावं वळण, जे रणधीरला दक्षिणेतही कधी नीट जमलं नव्हतं, आणि देवघराशेजारून पुन्हा हॉलमध्ये. मागचं चाक सुटलं की ते आधी बुडाला कळत होतं. रणधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं त्याला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

घरच्यांनी जमवून घेतलं. माणूस कशाशीही जमवून घेतो. आईनं आपली कॉट वळणाच्या आतल्या बाजूला सरकवली, कारण गाड्या सुटतात त्या बाहेरच्या बाजूला. वैजयंताला तुरीच्या डब्यात खडी सापडायला लागली. ती निवडून काढायची. रणधीर जवळून गेला की वाटीतली आमटी एका बाजूला कलायची. वैजयंता वाट्या अर्ध्याच भरायला लागली.

पाडव्याच्याच संध्याकाळी रणधीरनं पट्टा सोडायला घेतला. पट्टा सुटेना. त्यानं वैजयंताला ओरडून कारेकरला फोन लावायला सांगितलं. तिनं फोन धरून ठेवला आणि तो दर फेरीला एक वाक्य बोलला.

"पट्टा सुटत नाही!"

"सराव संपला की सुटेल."

"कधी संपणार?"

"तुम्ही हवा तितका घेतलाय."

"मला आता नको आहे!"

"हात कुठं आहेत तुमचे?" कारेकरनं विचारलं.

रणधीरनं पाहिलं. हात स्टिअरिंगवर होते. त्याला ते काढावेसे वाटत नव्हते. समोर आईच्या खोलीचं वळण येत होतं आणि ह्या खेपेला ब्रेक थोडा उशिरा मारून पाहावा असं त्याच्या मनात होतं.

"आबा, एक विचारू?" इर्शाद म्हणाला. "तो तिथं गोल फिरतोय, तर हा कोण?"

त्यावरच येतोय. सिम्युलेटरमध्ये सोय असते. तुमची सगळ्यात चांगली फेरी यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढच्या फेरीला ती तुमच्यापुढं पळवतं. काचेसारखी आरपार गाडी. तिला गाठायचं, म्हणजे स्वतःला गाठायचं. रणधीरच्या पुढंही ती पळायला लागली. कितीही जोर लावा, ती अर्धा सेकंद पुढंच.

एका सकाळी ती आरपार गाडी देवघरापाशी वळली आणि हॉलमध्ये थांबली. आतून रणधीर उतरला. तो आरपार नव्हता. त्यानं बेसिनवर हात धुतले आणि पाटावर जेवायला बसला. वैजयंतानं वाढलं.

"वैजू!" खुर्चीतला ओरडला. "तो मी नव्हे!"

वैजयंतानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा ह्याच्याकडं.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली. "चांगल्या वेळेतले."

तेव्हापासून हा दुकान उघडतो, आईची औषधं आणतो, संध्याकाळी आपल्यात येतो. कुठंही उशीर नाही. तुमच्या लक्षात आलं का बघा, विनोद संपायच्या आत हा हसतो. चहावाला "साखर?" म्हणायच्या आधी "कमी" म्हणतो. तुम्हाला वाटतं हुशार आहे. अरे, तो पुढं आहे!

"योगायोग," इर्शाद म्हणाला, पण खुर्ची जरा मागं घेऊन म्हणाला.

रणधीर हसला. ग्लास निम्मा झाला होता.

तर खुर्चीतला. त्याची मुलगी नंदिनी त्याच्यासाठी पाटी धरून उभी राहते, ट्रॅकच्या कडेला धरतात तशी. एकदा तिनं लिहिलं, "बाबा, आज गॅदरिंग आहे. मी नाचणार आहे." त्यानं वाचलं, मान हलवली, वळणात शिरला. फेरी मारून आला तर पाटीवर लिहिलेलं होतं, "झालं." तिच्या चेहऱ्यावरचा रंगही धुऊन झाला होता. दुसऱ्या हातात मोबाइल होता, त्यात हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताना दिसत होता. नाच संपायच्या जरा आधी.

त्या दिवशी रणधीरला खरंच उतरावंसं वाटलं. त्यानं दात खाल्ले. आईच्या खोलीचं वळण असं घेतलं की कॉटचा पाय त्याच्या कोपराला लागला. देवघरापाशी त्यानं त्या आरपार गाडीला गाठलं आणि एक वीतभर पुढं निघून रेघ ओलांडली. पट्टा खट्कन सुटला! त्यानं एक पाय बाहेर टाकला. फरशी गार लागली. आणि पाहतो तर पाटावर रणधीर बसलेला, हात धुऊन. ती नवी फेरी सगळ्यात चांगली होती ना? मग यंत्रानं तीच पुढं काढली. पट्टा पुन्हा लागला. आता त्याला स्वतःच्या आधीपेक्षाही चांगल्या फेरीला गाठायचं होतं. आणि हॉल आणखी लांबला होता.

हे मला कसं ठाऊक? आज दुपारी गेलो होतो ना मी. दार वैजयंतानं उघडलं. हॉलचं टोक दिसत नव्हतं. कडेकडेनं चालत गेलो, पायाखाली खडी. रबराचा वास. वैजयंताच्या हातात पाण्याची बाटली होती. तो जवळून जाताना ती पुढं करते, तो एक घोट घेतो.

"बरं चाललंय का, पोरी?" मी विचारलं.

"हा वेळेवर येतो, आबा. सगळं आणतो. विसरत नाही काही." ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "पण भांडताच येत नाही हो त्याच्याशी. मी तोंड उघडलं की आधीच म्हणतो, बरोबर आहे तुझं. कशाबद्दल ते मलासुद्धा अजून ठरवायचं असतं!"

तेवढ्यात तो आला. दाढी वाढलेली, मान एका बाजूला झुकलेली. मला बघून ओरडला, "आबा!" आणि गेला. मी थांबलो. पुढच्या फेरीला म्हणाला, "त्याला!" मग, "धरून!" मग, "ठेवा!" हॉल इतका लांब झालाय की एकेका शब्दाला मी तंबाखू मळून घेत होतो.

"कसं धरू?" मी ओरडलो. "माझ्यात काय जोर राहिलाय?"

तो वळणातून बाहेर येईपर्यंत वैजयंता आणि मी उभे राहिलो.

"गोष्ट सांगा!" तो म्हणाला. "लांब!"

डोक्यात प्रकाश पडला माझ्या. त्यानं पुढं जाऊन भागत नाही. ह्याला उशीर व्हायला हवा. हा रोज इथं चहा संपवतो, ग्लास ठेवतो, उठतो आणि ठरल्या क्षणाला घरात पाऊल टाकतो; त्याच क्षणाला ती आरपार गाडी रेघ ओलांडते. तो क्षण आज चुकला, तर खुर्चीतला आधी पोचेल, आणि पाटावर तोच बसेल. मला काही फार नको. अर्धा सेकंद.

चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. इर्शादनं रणधीरकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"म्हणजे इतका वेळ तुम्ही..."

हो, इतका वेळ तेच करतोय. लिंबांची गोष्ट मी दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. कारेकरची खोली इतकी लांब नव्हती, थोडी मी लांबवली. पण आता ग्लासात घोटभरच उरलाय आणि हा गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात आहे, तेव्हा शेवटचं सांगतो. हे मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. निघताना वैजयंता माझ्यामागं दारापर्यंत आली. तिनं मागं वळून पाहिलं, तो लांब टोकाला ठिपक्याएवढा होता. मग तिनं पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, आबा, त्याला एवढं सांगा, की मला...

"खोटं!" रणधीर म्हणाला. "वैजू असं म्हणालेली नाही."

वैजयंता काय म्हणाली, ते मी अजून सांगितलंच नव्हतं.

रणधीर उभा होता, निघायची वेळ टळून गेली तरी. ग्लास त्यानं सरळ धरला होता, आणि आतला चहा वळणातल्या आमटीसारखा डाव्या काठाशी चढून तसाच थांबला होता, सांडत नव्हता.