देवराईतलं छप्पर

छपरावर मांडी ठोकून बसलेल्या काम्वेंदोने गवताचा भारा करकचून आवळला. खाली उभ्या नाचिसालेला नवऱ्याच्या त्या हातांचाच राग आला. पंधरवड्याचं काम या माणसाने आठवड्यात उरकत आणलं होतं!

डोंगराच्या पायथ्याशी कुळाच्या पहिल्या आयांनी वस्ती केली, तेव्हापासून चिसुंफी देवाकडे पाऊस मागायला या देवराईत एक बाई राहत आली होती. आधीची म्हातारी वारली आणि कौल नाचिसालेच्या नावाने लागला. पण पावसाच्या बाईला नवरा चालत नाही. ती या झोपडीत आली, की काम्वेंदोने बायकोचं गाव सोडून आपल्या आईच्या गावी परतायचं. छप्पर पुरं होईतो तिने हो की नाही ते सांगायचं होतं.

"ठरलं का गं?" सावलीत बसलेल्या तिच्या मामाने विचारलं. "आभाळ बघ, नुसतं कोरडं ठाक."

"छप्पर होऊ दे, मामा."

"जावई म्हणजे परगावचा कोंबडा म्हणतात," मामा हसला. "हा कोंबडा मात्र भलताच कष्टाळू निघाला हो!"

तिला हसू आलं नाही. ती शिडीपाशी गेली.

"अहो, एवढी कसली घाई? आईच्या हातचं जेवण आठवलं वाटतं?"

"आई जाऊन किती वर्षं झाली, बाई."

"मग माझा कंटाळा आला म्हणा की सरळ!"

काम्वेंदोने गाठ मारली, दातांनी ओढून पाहिली.

"वेडी आहेस. उद्या तू मागितलास आणि पाऊस आला, तर? ओलीत झोपलीस की महिनाभर खोकतेस. माझ्यामागून शाकारायला येणाऱ्याला ते काय ठाऊक?"

तिने वर पाहिलं. गवत दुहेरी होतं. वाऱ्याच्या अंगाला तर तिहेरी. असा माणूस कुठल्या तोंडाने सोडायचा? तिचा जीव तुटला. देवराईच्या कडेला तडे गेलेली शेतं उन्हात पडली होती.

"एकच भारा उरलाय," तो म्हणाला. "नको वाटत असेल तर राहू दे. मी उतरतो. मामांना काय सांगायचं ते मी सांगेन."

त्याने हात खाली केला आणि तोंड डोंगराकडे वळवलं.

नाचिसालेने त्या तडे गेलेल्या शेतांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने भारा उचलून त्याच्या हातात दिला.

"नीट बांधा," ती म्हणाली. "माझ्या उशाच्या वरच येतोय तो."