खऱ्यासारखं इंजिन

माझे बाबा, देवाजी, नागभीडच्या छोट्या रेल्वे लाइनवर आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर होते. लाइन उखडली, पण त्यांच्या डोक्यातली काही उखडली नाही. पाच वर्षं खपून त्यांनी कोळशावर चालणारं, बकरीएवढं इंजिन बनवलं. त्यांचे दोस्त लटारूकाका, रिटायर फिटर, त्यांनीही एक बनवलं. बाबांचं हुबेहूब, एकेक खिळा खऱ्या इंजिनाच्या मापात लहान केलेला. काकांचं बेढब, आणि जास्तीची वाफ सोडायला डोक्यावर लोटीएवढा वाल्व. "हे इंजिन हाय का भाताचा कुकर?" असं बाबा दर वेळी चिडवायचे.

त्या रविवारी काकांच्या शेतात, भाताच्या बांधीजवळ टाकलेल्या रुळांवर फैसला होता. माणूस ओढून चढ चढेल ते इंजिन खरं. काकांचं चढलं, मागच्या डब्यावर काका स्वतः बसून. मग बाबांनी आपल्या डब्यावर आईला बसवलं. तिचे गुडघे गेलेले. बसवायला दोघं लागले, उठवायलाही दोघं लागणार. मला हे मुळीच पटत नव्हतं, पण बाबांच्या हट्टापुढे आमच्या घरात कुणाचं चाललंय?

निम्म्या चढावर चाकं जागच्या जागी फिरली आणि थांबली. बाबांनी इरेला पेटून आधीच कोळसा ठासून भरला होता.

"रिना, काटा पाह्य," ते म्हणाले. वाफेच्या दाबाची तबकडीही मापात, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. त्यांना दिसत नव्हती.

मी वाकले. "लाल रेघेवर हाय बाबा."

"आता वाल्व सुटन."

वाल्व सुटला. दोऱ्याएवढी वाफ निघाली आणि काटा चढतच राहिला. "रेघ सोडली," मी म्हणाले.

लटारूकाका धावत आले. "देवाजी, वाल्व मापात केला तू, पन वाफ मापात येत नाई. बॉयलर फुटन. आग पाड."

आग पाडायची तर खालची खीळ ओढायची, की निखारे जमिनीवर. म्हणजे शर्यत गेली आणि वर्षानुवर्षं घोटलेला रंगही. बाबांचा हात खिळीवर गेला आणि तिथंच राहिला. ते इंजिनाकडे बघत होते. बॉयलरपासून हातभर अंतरावर बसलेली आई त्यांच्याकडे बघत होती.

काकांनी आणि मी तिला काखेत धरलं. ती उठेना. "बाबा, वढा ना," मी म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला, की त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

मग त्यांनी खीळ ओढली. निखारे पडले, रंग करपला, काटा हळूहळू उतरला.

पुढच्या महिन्यात बाबांनी तो वाल्व कापला आणि काकांकडून लोटीएवढा बसवून घेतला. इंजिन विद्रूप दिसायला लागलं. काका हसले नाहीत. अंगणात आग पेटवून पाहिली, वाफ भसाभस सुटली, काटा रेघेखालीच राहिला. बाबांनी येऊन आईपुढे हात केला.

"चाल अंजना. आता काई भेव नाई."

आई लाखोळीची डाळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वाल्व बदलला, बेस केलं. पन तुमचा हात थांबला होता. मी पाह्यलं."

बाबांनी आत जाऊन तांदळाचं पोतं आणलं आणि डब्यावर तिच्या जागी ठेवलं.