अर्धा इंजिनियर

"तो रस्ता बंद आहे," तो म्हणाला.

"कुठला?" लेकीने टेबलावर पसरलेल्या नकाशावरून मानही वर केली नाही.

"हाच, तिसऱ्या दिवसाचा. डोंगरात दरड कोसळलीय म्हणे. कामावर बोलत होते."

लेकीने मोबाइल उचलला, दोनदा बोट फिरवले आणि पडदा त्याच्या नाकासमोर धरला. "बाबा, सहापदरी झालाय तो रस्ता. पाच तास वीस मिनिटं. दरडबिरड काही नाही. कोणीतरी गंडवलंय तुला."

"असेल," तो म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

शनिवारची दुपार होती. पुढच्या गुरुवारी तिघांनी गाडी काढायची, पाच दिवसांत तीन कॉलेजं बघायची आणि परत यायचे, असा बेत लेक महिनाभर घोळवत होती. गुण चांगले मिळाले होते. आता कॉलेज निवडायचे होते, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती काही निवडणाऱ्यातली नव्हती. चपला घ्यायला गेली तरी दुकानात दहा फेऱ्या मारून बघायची. पहिली दोन कॉलेजं तिने यादीत असावीत म्हणून ठेवली होती. खरा जीव अडकला होता तो तिसऱ्यात. ते बाबांचे कॉलेज होते.

आठवड्यापूर्वी त्याने क्लचचे कारण काढले, तर बायकोने परस्पर गाडी गॅरेजात नेऊन क्लच बदलून आणला. त्याआधी रजेचे कारण झाले, तर साहेबांनी न मागता रजा देऊन टाकली. "इंजिनियर, पोरीला तुमचं कॉलेज दाखवून आणा," असेही वर म्हणाले.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षे उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या चौकोनी विहिरींत गेली होती. मोटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस म्हणून कंपनीत त्याला मान होता. आणि सगळे त्याला इंजिनियर म्हणत, कारण तो अर्धा इंजिनियर होता. दोन वर्षे शिकला, मग वडील अंथरुणाला खिळले, कॉलेज सुटले; ही हकिकत कंपनीत, सासरी, शेजारीपाजारी सगळ्यांना पाठ होती.

"अहो, इकडे बघा." बायको आतून मोबाइल आणि कागदाचा कपटा घेऊन आली. ती शाळेच्या ग्रंथालयात होती. परत न आलेल्या पुस्तकासाठी लोकांच्या घरी फोन करून करून तिची फोनची भीड पार मेली होती. "तुमच्या कॉलेजच्या ऑफिसचा नंबर मिळवलाय. माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाला तिथल्या विश्रामगृहात खोली देतात. विभागप्रमुख स्वतः मुलांना भेटतात."

"शनिवारी कोण असणार तिथे?"

"दोनपर्यंत असतात. माहितीय मला."

"आपण हॉटेलात राहू की. उगाच कशाला कोणाचे उपकार?"

"उपकार कसले? हक्क आहे तुमचा." तिने नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

पलीकडे वयस्कर कारकून होता. आधी खोकला, मग बोलला. बायकोने नवऱ्याचे पूर्ण नाव सांगितले. कारकुनाने वर्ष विचारले, तेव्हा ती नवऱ्याकडे बघू लागली. त्याने वर्ष सांगितले. पलीकडे ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा सांगितले.

"जुनी रजिस्टरं तळघरात आहेत, बाई. बघून तासाभरात फोन करतो."

बायकोने घड्याळ बघितले. एक वाजायला पाच मिनिटे होती.

"टायरमधली हवा बघून येतो," असे म्हणून तो खाली उतरला.

हवा त्याने बघितली नाही. गाडीत शिरून काचा वर केल्या आणि बसून राहिला.

त्या कॉलेजात तो होता, हे खोटे नव्हते. एकोणिसाव्या वर्षापासून अडीच वर्षे होता. वसतिगृहाच्या मेसमध्ये, कंत्राटदाराचा माणूस म्हणून. ताटे घासायची, टेबले पुसायची, पहाटे दुधाचे कॅन उतरवून घ्यायचे. दुपारी मेस रिकामी झाली की दोघेतिघे मुलगे ड्रॉइंगचे मोठे कागद तिथल्या लांब टेबलांवर पसरत. तो फडके घेऊन मागे उभा राहायचा. एकाने गमतीने त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवले आणि पुढे गंमत सोडून मन लावून शिकवले. पुढे कंत्राट बदलले, तो लिफ्टच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला. पहिल्याच दिवशी फोरमनने त्याला ड्रॉइंग वाचताना बघितले. "कुठं होतास रे आधी?" त्याने कॉलेजचे नाव सांगितले. फोरमन म्हणाला, "मग सोडलंस का?" तो गप्प राहिला. "घरची अडचण असणार," फोरमनच म्हणाला.

एवढेच झाले होते. पहिली पाच वर्षे तो नुसता गप्प राहिला होता. मग लग्नाचे बोलणे निघाले. मध्यस्थाने सासऱ्यांना सांगितले, अर्धा का होईना, इंजिनियर आहे; वडील आजारी पडले म्हणून कॉलेज सुटले. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघून विचारले, "वडील आजारी पडले नसते तर?" आणि तो म्हणाला, "तर पूर्ण केलं असतं." पहिल्यांदा तेव्हा तो स्वतःच्या तोंडाने खोटे बोलला. त्यानंतर सोपे गेले.

आणि लेकीला त्याने गोष्टी सांगितल्या. तिला झोपवताना, सायकलवर पुढे बसवून नेताना. करकरणाऱ्या बुटांच्या रेक्टरची गोष्ट. पैजेवर बावीस उकडलेली अंडी खाणाऱ्या मुलाची गोष्ट. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली आणि सगळे वसतिगृह मेसमध्ये मेणबत्त्या लावून अभ्यासाला बसले, ती गोष्ट. सगळ्या खऱ्या होत्या. अंडी त्यानेच उकडली होती. मेणबत्त्या त्यानेच लावल्या होत्या. फक्त प्रत्येक गोष्टीत तो मेसच्या काउंटरच्या अलीकडे, मुलांमध्ये येऊन बसायचा.

आता कारकून तळघरात रजिस्टर उलगडत असेल. नाव सापडणार नाही. मग काय सांगायचे? चुकून गाळले असेल, असे म्हणता येईल. वर्ष आठवत नाही, असे म्हणता येईल. त्याने दोन्ही वाक्ये गाडीत मोठ्याने म्हणून बघितली. दुसरे बरे वाटत होते.

तो वर आला तेव्हा लेक वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही गिरवत होती. एकाखाली एक नऊ सह्या. नुकतीच सज्ञान झाली होती. अर्जावर पालकाची नाही, स्वतःची सही करायची पहिलीच वेळ.

"हा कशाचा अर्ज?"

"तुझ्याच कॉलेजचा. भेटीच्या दिवशी हातात द्यायचा." तिने तो त्याच्यासमोर सरकवला. नवव्या ओळीत विचारले होते, पालकांपैकी कोणी या संस्थेत शिकले आहे काय? तिने 'होय' लिहिले होते. पुढे त्याचे नाव. सगळ्यात खाली छापले होते, वरील माहिती खरी असून तिची जबाबदारी माझी आहे. त्याखालची जागा मोकळी होती.

"यातली कुठली सही बरी दिसते?" तिने वर्तमानपत्र पुढे केले.

त्याची नजर नवव्या ओळीवर होती.

"बाबा?"

"शेवटची," तो म्हणाला.

दोन वाजायला दहा मिनिटे असताना फोन वाजला. बायकोने तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बाई, गोंधळ झालाय," कारकून म्हणाला. "मागं तळघरात पाणी शिरलं होतं. साहेब सांगतायत त्याच वर्षांच्या रजिस्टरांचा पार लगदा झालाय. एक पान वाचता येत नाही."

बायकोचा चेहरा पडला. "मग आता?"

"मग काय? लोकांचा शब्द असतोच की. एवढी वर्षं झाल्यावर कोण खोटं सांगायला येतंय? मी लिहून टाकतो, माजी विद्यार्थी. शिक्का मारून ठेवतो. खोली पक्की, भेट पक्की."

"फार उपकार झाले," बायको म्हणाली. लेकीने दोन्ही मुठी हवेत उडवल्या आणि अर्ज पुढे ओढून पेनाचे टोपण काढले.

त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. अठ्ठावीस वर्षांनी कोणीतरी शिक्का मारून देत होते. आता मरेपर्यंत कोणाच्या बापाची हिंमत नव्हती विचारायची. त्याला फक्त पुन्हा एकदा गप्प राहायचे होते.

पेनाचे टोक कागदाला टेकत होते.

"थांब," तो म्हणाला. "सही करू नकोस."

मग फोनकडे वाकून, पलीकडच्या माणसाला कमी ऐकू येत असल्यासारखा तो मोठ्याने बोलला. "साहेब, लिहू नका. मी विद्यार्थी नव्हतो. मी मेसमध्ये होतो. ताटं घासायला."

पलीकडे खोकला ऐकू आला.

"म्हणजे कर्मचारी का?" कारकुनाने विचारले.

"नाही. कंत्राटदाराचा माणूस."

"मग खोली नाही मिळायची, साहेब. नियमात बसत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "ठेवतो."

फोन ठेवायला त्याला बटण सापडेना. शेवटी लेकीनेच तो बंद केला.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. पुस्तकांचा हिशोब न जुळणाऱ्या कपाटाकडे बघावे तशी ती बघत होती. "माझे वडील," ती सावकाश म्हणाली, "जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. आमचे जावई इंजिनियरिंगला होते. दवाखान्यात नर्सला सांगितलं. तुम्ही बाजूला उभे होतात."

"होतो."

"एकवीस वर्षं, अहो."

ती आत गेली. दार तिने आपटले नाही, नुसते लोटून घेतले. आपटले असते तर बरे, असे त्याला वाटले.

लेक पेनाला टोपण लावत होती. एकदा लावले, काढले, पुन्हा लावले. "अंडी खाणारा मुलगा?" तिने विचारले.

"होता. खरंच होता."

"आणि तुम्ही?"

तिने त्याला कधी तुम्ही म्हटले नव्हते. बोलायला लागल्या दिवसापासून नाही. शाळेत बाईंनी, वडिलांना अहोजाहो करावे, असे शिकवले तेव्हा घरी येऊन तिने बाईंचीच नक्कल केली होती.

"मी उकडत होतो," तो म्हणाला.

"मी सगळ्यांना सांगितलंय. मैत्रिणींना, सरांना. ही शाखा मी का घेतेय असं कोणी विचारलं की मी तुमच्या गोष्टी सांगायचे." तिने पेनाचे टोपण पुन्हा काढले. "तो रस्ता बंद नाहीये, एवढं तरी खरं सांगा."

"नाहीये बंद."

तिने नवव्या ओळीतला 'होय' एका आडव्या रेघेने खोडला. शेजारी 'नाही' लिहिले. खाली सही केली, ती वर्तमानपत्रावरच्या नऊपैकी कुठल्याच सहीसारखी नव्हती. नकाशाची घडी घालताना म्हणाली, "तिसरा दिवस मी बदलत नाहीये. मला ते कॉलेज बघायचंय."

पुढचे चार दिवस घरात कामापुरते बोलणे झाले. बायको डबा भरून देत होती, डाळीत मीठ बरोबर होते, पण "अहो" हा शब्द घरातून नाहीसा झाला. सोमवारी कंपनीत साहेबांनी "काय इंजिनियर, निघाली का वरात?" असे विचारले. तेव्हा त्याने चारचौघांत सांगून टाकले. एकजण हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मग ड्रॉइंग कुठं शिकलास?" "मेसच्या टेबलावर," तो म्हणाला. साहेब दुसऱ्या इमारतीचे काम सांगू लागले. त्या दिवशी त्याला कोणी इंजिनियर म्हणून हाक मारली नाही. हाक कशी मारावी हेच कोणाला कळेना. दोघांनी नुसते खांद्याला हात लावून बोलावले.

बुधवारी संध्याकाळी बॅगा दाराशी आल्या. दोन होत्या. तिसरी येते की नाही हे त्याने विचारले नाही. गुरुवारी उजाडता उजाडता तो गाडीत सामान ठेवत होता, तेव्हा बायको जिन्यावरून उतरली. तिच्या हातात तिची बॅग होती. त्याने ती घ्यायला हात पुढे केला. तिने स्वतःच डिकीत ठेवली, मागचे दार उघडले आणि आत बसली. एरवी ती नेहमी त्याच्या शेजारी बसायची. लेक क्षणभर घुटमळली, मग पुढे येऊन बसली.

गाडी निघाली. लेकीच्या मांडीवर नकाशा होता आणि हातात मोबाइल. मोठ्या चौकात तो चुकून सरळ निघाला.

"बाबा, डावीकडे घे ना," ती वैतागून म्हणाली. "लक्ष कुठेय?"

त्याने डावीकडे घेतले.

ऊन वर आले. दोन्ही बाजूंना मोकळे माळ लागले आणि लेकीची मान खिडकीकडे कलली. तिला झोप लागली होती. त्याने वेग कमी केला. आरशात बघायचे तो टाळत होता.

"रोज किती ताटं असायची?" मागून आवाज आला.

त्याला आधी वाटले, आपल्याला भास झाला. "चारशे," तो म्हणाला. "दोन वेळा."

"एकट्याने?"

"तिघं होतो आम्ही."

समोरून एक लांबलचक ट्रक आला आणि गेला.

"आणि थंडीत?" तिने विचारले. "गरम पाणी द्यायचे का?"

"नाही."

"मग हात फुटत असतील."

त्याने मान हलवली. ती तिला मागून दिसली असावी, कारण तिने पुन्हा काही विचारले नाही. लेकीच्या डोळ्यांवर ऊन येत होते. बायकोने मागून पुढे वाकून तिच्या बाजूचा पडदा ओढला आणि मागे न टेकता, पुढच्या दोन सीटच्या मधोमध हात ठेवून, तशीच रस्ता बघत राहिली.