सरोवरातली पायवाट

सरोवराचं पाणी आणखी एक सेंटिमीटर उतरलं आणि पट्टीबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्याची तिला लाजही वाटली, कारण पाणी मोजणं ही तिची नोकरीच होती. किनाऱ्यावरच्या एका खोलीच्या कचेरीत ती सव्वीस वर्षं बसत होती. रोज सकाळी सात वाजता पाण्यात रोवलेल्या खांबावरचे आकडे वाचायचे, वहीत उतरवायचे आणि दर सोमवारी मुख्य कार्यालयाला अहवाल पाठवायचा. म्हणून गावानं तिचं नाव पट्टीबाई ठेवलेलं. गेली कित्येक वर्षं आकडे खालीच चालले होते. डोंगरावर बर्फ पूर्वीसारखं पडेना, ऊन लवकर तापायला लागलं, आणि वरच्या अंगाची शेतं नदीचं पाणी मधल्या मधे पिऊन टाकायची. होड्या लागायच्या तो धक्का आता कोरड्यात उभा होता आणि त्याच्या पायऱ्यांवर लोक कपडे वाळत घालत. खांब तर तीनदा उपटून पुढे न्यावा लागला होता. 'चिंताजनक' हा शब्द तिनं अहवालात इतक्यांदा लिहिला होता की हात आपोआप वळायचा. यंदा मात्र तो लिहिताना ती गुणगुणत होती.

कारण समोर बेट होतं आणि बेटावर ताई.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. आईचं शिलाई मशीन कुणी ठेवायचं हे ठरायच्या आतच ताईनं ते सकाळी उठून नवऱ्याच्या होडीत घातलं आणि बेटावर नेलं. धाकटीनं, म्हणजे पट्टीबाईनं, फोन करून जाब विचारला तेव्हा ताई म्हणाली, "हवं असेल तर ये घेऊन जायला."

हे जिव्हारी लागलं. नऊ वर्षांची असताना होडी उलटून धाकटी बुडता बुडता वाचली होती. तेव्हापासून तिनं होडीत पाय ठेवला नव्हता, आणि हे ताईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? ताईनंच तर तिला वेणीला धरून वर ओढलं होतं. धाकटीनं फोन ठेवला, तो ठेवलाच.

पण पाणी मोजणाऱ्या बाईला तळ पाठ असतो. किनाऱ्यापासून बेटापर्यंत पाण्याखाली एक लांबट उंचवटा होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यावर चौतीस सेंटिमीटर पाणी उरलं होतं. रोज साधारण एक सेंटिमीटर उतरत होतं. हिशेब करायला पदवी लागत नव्हती. तिनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आणि रोज एक रेघ मारायला लागली.

मधे मुख्य कार्यालयातले साहेब पाहणीला आले. वहीची पानं उलटत म्हणाले, "परिस्थिती भीषण आहे, बाई."

"भीषणच," पट्टीबाई म्हणाली आणि घाईघाईनं खिडकीकडे वळली. हसू काही केल्या आवरेना. साहेबांना वाटलं, बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला पाणी दिलं आणि ते पिताना तिला ठसका लागला.

पस्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तिनं गुडघाभर उंचीचे रबरी बूट चढवले, हातात मोजणीची लांब काठी घेतली आणि सरोवरात चालायला लागली. पायाखाली भेगाळलेली माती, शिंपल्यांचा चुरा, कुणाचा तरी बुडालेला नांगर, एक खुर्ची. डाव्या-उजव्या हाताला पाणी आणि मधून ती. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, पण चाल अशी की पायाला भिंगरी लावली असावी. दोनदा घसरली, दोनदा आपल्याच फजितीवर हसत उठली. आपण मशीन उचलून आणणार कसं, हा प्रश्न तिला अर्ध्या वाटेत पडला, आणि त्याचंही हसूच आलं.

तेवढ्यात समोरून काहीतरी येताना दिसलं. एक बाई एकचाकी हातगाडी ढकलत होती आणि तोंडानं त्या गाडीला शिव्या घालत होती. ती ताई होती. केस सगळे पांढरे झाले होते, शिव्या मात्र त्याच.

दोघी मधल्या सखल जागेत पोहोचल्या आणि एकदमच रुतल्या. धाकटी गुडघ्यापर्यंत, ताई त्याहून थोडी वर. मधे चार पावलांचं अंतर.

"कुठे निघालीस?" ताईनं विचारलं, जणू बाजारात गाठ पडली होती.

"तुझ्याकडे. मशीन न्यायला. तू?"

"तुझ्याकडे. मशीन द्यायला." ताईनं गाडीवरची गोणी बाजूला केली. "मागच्या दारी काठी रोवली होती. रोज बघायचे किती उतरलं ते."

"किती वाजता?"

"सातला."

धाकटीनं काठीनं गाडीतल्या मशीनकडे खूण केली. मग म्हणाली, "चालतं का गं ते अजून?"

ताईनं मान खाली घातली. "एक टाका घातला नाही अकरा वर्षांत. नेलं त्याच दिवशी होडीत लाट आली. भिजलं, गंजलं. चाक फिरतसुद्धा नाही. तुला सांगायची लाज वाटली."

"म्हणजे आपण गंजलेल्या लोखंडावरून..."

वाक्य पुरं झालंच नाही. आधी धाकटी हसली, मग ताई, मग दोघी पोट धरून. धाकटीचा तोल गेला आणि ती चिखलात बसली. तिला हात द्यायला ताई वाकली, ती पुढ्यात आडवी झाली. हात मात्र पोहोचला. तो धाकटीनं घट्ट धरला आणि दोघी तशाच हसत आणि थोड्या रडत पडून राहिल्या.

भावोजी दोन फळ्या घेऊन आले तेव्हा कोण कोणती हे त्यांना आवाजावरूनच कळलं. त्यांनी फळ्या टाकल्या आणि एकेकीला मुळा उपटावा तसं ओढून काढलं. धाकटीचा एक बूट तळाशीच राहिला.

बेटावरच्या स्वयंपाकघरात तीन बादल्या पाण्यानं दोघींचे चेहरे सापडले. चहा ओतता ओतता भावोजींनी विचारलं, "खरं सांग, पाणी परत येईल?"

मासे मिळेनासे झाल्यापासून, दोन महिने, त्यांची होडी अंगणात पालथी पडली होती. जाळी छताला टांगलेली. धाकटीचं हसू ओसरलं.

"एखादं वर्ष चांगलं गेलं तर थोडं चढेल," ती म्हणाली. "पण आपल्या लहानपणी होतं तेवढं नाही. आपल्या हयातीत तरी नाही." आणि मग तिच्यानं राहवेना. "भावोजी, मी रोज ते उतरताना बघून खूश होत होते."

"मीपण," ताई म्हणाली. "यांच्यासमोर तोंड पाडून बसायचे आणि मागच्या दारी जाऊन नाचायचे."

"मला दिसायचं," भावोजी शांतपणे म्हणाले. "मागच्या दाराला काच आहे."

त्या सोमवारच्या अहवालात पट्टीबाईनं पहिल्यांदाच चार पानं लिहिली. कोणाची होडी बंद पडली, कोणाच्या विहिरीचं पाणी खारट झालं, सगळं. शेवटी लिहिलं की खांब पुन्हा हलवायचा आहे आणि सरोवराचा तळ जाणणारा एक अनुभवी नावाडी रिकामा बसला आहे. साहेबांनी आठवड्यात होकार कळवला. बाईंचे भरलेले डोळे त्यांच्या लक्षात राहिले असावेत. भावोजींची होडी पुन्हा पाण्यात गेली, मासे धरायला नाही, खोली मोजायला. पायवाटेच्या सखल जागी त्यांनी फळ्या पसरून दिल्या, आणि दोघी बहिणी आठवड्यातून दोनदा कधी इकडे, कधी तिकडे भेटू लागल्या.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा सलग पाच दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी पट्टीबाईनं खांबावरचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि धावत कचेरीत येऊन फोन लावला.

"ताई, अकरा सेंटिमीटर चढलं."

"अकरा? नीट बघितलंस?"

"दोनदा."

"म्हणजे वाट गेली पाण्याखाली. बुधवारी भेट नाही."

"नाही ना," धाकटी हसत म्हणाली, आणि पलीकडून ताई भावोजींना हाका मारत मागच्या दाराकडे पळाल्याचा आवाज आला.