शेजारचा लायटर

भीती ही ताईची जुनी भाडेकरू. घर सोडायचं नाव घेत नव्हती. लग्नाआधी एकदा स्टोव्ह भडकला होता, तेव्हापासून काही भपकन पेटलं की ती दोन पावलं मागे सरायची. अशा बाईनं शिकायला काय घ्यावं, तर गॅस वेल्डिंग! पण नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या त्या कॉलेजात फी नव्हती. लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका कारखानदारानं शब्दही दिला होता, कोर्स पुरा करा आणि कामावर या.

जोड मात्र ती वर्गात सगळ्यांत सुबक घालायची. टॉर्च, म्हणजे ज्योतीची नळी, पेटवायचं तेवढं काम शेजारच्या टेबलावर शिकणारा पंक्चरवाला करी. पहिल्याच दिवशी ती टॉर्च धरून नुसतीच उभी राहिलेली बघून त्यानं आपला लायटर पुढे केला होता, मग ती रीतच पडून गेली. मास्तरही काणाडोळा करायचे.

अनुदान चालू ठेवायचं की कोर्सला टाळं लावायचं, हे ठरवायला अधिकारीबाई आल्या. मास्तरांचं भाषण त्यांनी मध्येच थांबवलं आणि बोट थेट ताईकडे केलं.

"तुम्ही दाखवा. पेटवण्यापासून. बाकीचे लांब उभे राहा."

पंक्चरवाल्याचा पुढे आलेला हात मागे गेला. आपल्या एकटीपायी सगळ्यांच्या पोटावर पाय येणार, एवढंच ताईला दिसत होतं. तिनं टॉर्चची चावी फिरवली. गॅस सुसू करू लागला. टेबलावरचा आपला लायटर तिनं उचलला खरा, पण दाबायला बोट धजेना, आणि जितका उशीर तितका गॅस साचतो, हेही ती जाणून होती. शेवटी डोळे मिटून तिनं लायटर दाबला.

भप्प! अधिकारीबाई उडी मारून मास्तरांच्या मागे गेल्या. ताई जागची हलली नाही. हलायला अंगात जीव हवा ना! डोळे उघडले तेव्हा पिवळी ज्योत धूर ओकत होती. तिनं ऑक्सिजन सोडला, ज्योत निळी झाली, आणि पुढचं हातांना येत होतंच.

"हात किती स्थिर आहे हो," अधिकारीबाई म्हणाल्या. अनुदान चालू ठेवावं असंच कळवीन, असं मास्तरांना सांगून त्या गेल्या. मग मास्तरांनी टॉर्च बंद केली आणि तिच्या हातातून सोडवून घेतली. बोटं आखडून गेली होती. ताई तिथेच खाली बसून रडली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं शेजारचा लायटर पुढे आला. ताईची जुनी भाडेकरू कालच्यासारखीच घरात होती.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "कारखान्यात तुम्ही कुठे असणार शेजारी?"

तिनं स्वतःचा लायटर दाबला. या वेळी डोळे उघडे ठेवून.