‘दरवाजा लगा दो’

मित्रांनो, मी एका गॅरेजचा जुना दरवाजा आहे. हल्ली मी गॅरेजला नाही, मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा असतो. पण ओळख सांगायची तर तीच सांगावी लागते. हिरव्या रंगाच्या जाड पत्र्याची दोन कवाडे आणि मधोमध एक कडी, एवढाच माझा पसारा.

काशिनाथराव साताऱ्याहून भोपाळला सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि पुढे साकेत नगरात त्यांनी घर बांधले. तेव्हा वेल्डरने मला त्यांच्या अंगणातच घडवले. काशिनाथराव टेप घेऊन त्याच्या डोक्यावर उभे होते. इतकी मापे घेऊनसुद्धा माझे डावे कवाड अर्धे बोट खाली बसले आणि उघडताना फरशीवर घासू लागले. खर्रर्र असा आवाज साऱ्या घरात घुमायचा. इंजिनिअरच्या घरचा दरवाजा असा, म्हणून काशिनाथरावांना फार लाज वाटे. ते बिजागरी बदलायला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी कमलिनीबाई म्हणाल्या, “असू द्या हो. तुम्ही आल्याचं मला आत कळतं.”

म्हणून मी तसाच राहिलो. दोष असूनही कुणी आपल्याला ठेवून घेतले, याचा आनंद मला अजून आठवतो.

कमलिनीबाईंचे हिंदी मात्र शेवटपर्यंत मराठीच राहिले. दूधवाल्याला त्या रोज सांगायच्या, “भैया, जाते टाइम दरवाजा लगाओ.” आपण दार लावतो म्हणजे बंद करतो, तेच त्या हिंदीत सांगत. काशिनाथराव पोट धरून हसत. “अगं, तो एक दिवस सुतार घेऊन येईल आणि खरंच नवा दरवाजा लावून जाईल!” स्वतःच्या हिंदीचा त्यांना भारी अभिमान होता.

पुढे काचबिंदूने कमलिनीबाईंची दृष्टी गेली. तेव्हापासून माझ्या त्या घासण्याला खरी किंमत आली. संध्याकाळी काशिनाथराव गाडी घेऊन परतले, मी वाजलो, की त्या खुर्चीतून उठत आणि भिंत चाचपत स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवत. चहाचे काम तेवढे कुणी त्यांच्याकडून काढून घेतले नव्हते. “आमच्या दरवाजाला पगार द्यायला हवा,” असे काशिनाथराव पाहुण्यांना सांगत.

पण वय कुणाला चुकले आहे? माझे कवाड जड होत गेले आणि काशिनाथरावांची पाठ धरू लागली. पुण्याहून मुलगा, विक्रांत, फोनवर मागेच लागला. “बाबा, बटण दाबलं की वर जाणारा दरवाजा घ्या. किती दिवस ते धूड ओढणार?” त्याचे काही चुकीचे नव्हते. मग टी. टी. नगरातला दरवाजेवाला जितेंद्र नमुने घेऊन घरी आला. काशिनाथराव पत्नीला एकेक रंग वाचून दाखवू लागले. कमलिनीबाईंनी एकच विचारले, “आवाज कैसा है उसका?”

“आवाज़ बिल्कुल नहीं, माताजी,” जितेंद्र अभिमानाने म्हणाला. “एकदम मक्खन.”

कमलिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “अहो, मला जरा विचार करू द्या. उद्या-परवा सांगते.” काशिनाथरावांनी मान डोलावली, आणि मापे घेण्यासाठी जितेंद्रला चार दिवसांनी यायला सांगितले.

तिसऱ्याच दिवशी कमलिनीबाईंना न्यूमोनिया झाला. त्यांना इस्पितळात दाखल केले आणि काशिनाथराव त्यांच्या उशाशी बसले. ठरल्या दिवशी जितेंद्र आला. त्याने मला सताड उघडून मापे घेतली आणि माझ्यासमोर उभा राहूनच काशिनाथरावांना फोन लावला.

“साहब, नाप हो गया। अब दरवाज़े का क्या करना है?”

फोनमधला आवाज थकलेला होता. “करना क्या है भाई, दरवाजा लगा दो. मैं अस्पताल में हूँ.”

दार लोटून घे आणि जा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. काळजीने गांजलेला माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो, शब्द कुठलेही असोत. जितेंद्रने मात्र ऐकले ते ऐकले. त्या मापाचा दरवाजा त्याच्याकडे तयार होता. दोन दिवसांनी त्याची माणसे आली, माझ्या बिजागऱ्या कापल्या, चौकट उखडली आणि मला मागे नेऊन टेकवले.

आठवड्याने काशिनाथराव पत्नीला घेऊन परतले. पांढरा, गुळगुळीत दरवाजा पाहून ते जागीच थबकले. पैसे न्यायला आलेला जितेंद्र म्हणाला, “आपने ही तो कहा था साहब, लगा दो।” काशिनाथरावांना सारे उमगले. त्या बिचाऱ्यावर ते रागावले नाहीत. “गलती मेरी है,” एवढेच बोलले.

त्या संध्याकाळी ते औषधे आणायला गेले. परत आले तेव्हा दरवाजा निमूट वर गेला. ते खोलीत शिरले आणि कमलिनीबाई दचकल्या. “कधी आलात? मला कळलंच नाही.” मी त्यांच्या खिडकीखालीच होतो, म्हणून मला ऐकू आले.

मग काशिनाथराव गॅरेजमधूनच “आलो गं” अशी हाक मारू लागले. पण म्हातारा आवाज तो, आतल्या खोलीपर्यंत पोचेना. हळूहळू चहाही तेच करू लागले.

परवा खिडकीपाशी त्यांनी अवघडून विचारले, “कमल, तू त्या दरवाजाचं काय सांगणार होतीस?”

“नवाच घ्या म्हणणार होते,” कमलिनीबाई म्हणाल्या. “तुमची पाठ दुखते, मला का कळत नाही? फक्त जुना काढाल त्या दिवशी मला तिथे बसवा, शेवटचा एकदा ऐकू द्या, एवढं म्हणणार होते.”

काशिनाथराव रडले. मित्रांनो, मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना ऐकले नव्हते.

मित्रांनो, घरासाठी दरवाजा निवडाल तेव्हा रंग बघा, मजबुती बघा, नवा जरूर घ्या. जुन्याने हट्ट धरू नये, हे मलाही समजते. पण त्या दाराकडे कान लावून बसणारे कुणी घरात असेल, तर त्याला आधी विचारा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.

काल काशिनाथराव त्यांना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आले. कमलिनीबाईंनी माझा पत्रा चाचपला, डाव्या कवाडाची कडा दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून मला ओढले. मी थोडा सरकलोही. पण खाली फरशी नव्हती, माती होती. मी वाजलो नाही.

“वाजला का हो?” त्यांनी विचारले. “मला हल्ली ऐकायलाही कमी येतं.”

“वाजला,” काशिनाथराव म्हणाले.